चरित्र कोठे थांबते? : कुमारांसाठीच्या काही अमेरिकन चरित्रांविषयी

चरित्र या वाङ्मयप्रकाराची आपल्याकडे झालेली चर्चा प्रामुख्याने प्रौढांसाठी लिहिलेली चरित्रे समोर ठेवून झालेली आहे. साधनांची विश्वसनीयता, चरित्रनायकाविषयी चरित्रकाराला वाटणारा आदर आणि त्या आदरामुळे लेखनाला पडणारी मर्यादा, चरित्र आणि इतिहास किंवा चरित्र आणि कादंबरी यांच्या सीमारेषा हे या चर्चेचे नेहमीचे विषय. बारा ते सोळा-सतरा या वयाच्या वाचकासाठी लिहिलेले चरित्र मात्र या चर्चेत क्वचितच शिरते. ते 'बालकुमार वाङ्मय' या सदरात जाते आणि तेथे त्याचा विचार बहुधा 'संस्कार' या शब्दापाशी येऊन संपतो. माझे म्हणणे असे, की चरित्रप्रकाराचे जे मूलभूत प्रश्न प्रौढ चरित्रात टीपा आणि परिशिष्टे यांच्या आड राहतात, ते कुमार-चरित्रात उघडे पडतात. पृष्ठे थोडी असल्यामुळे निवड निर्दयपणे करावी लागते. वाचक साधने तपासणार नसतो, त्यामुळे लेखकाच्या सचोटीवर सारे अवलंबून राहते. शिवाय पुस्तक विकत घेणारा, बक्षीस देणारा माणूस हा त्याचा वाचक नसतोच. तो वाचकाचा पालक किंवा शिक्षक असतो. कुमार-चरित्राच्या संहितेला एकाच वेळी या दोघांशी बोलावे लागते, आणि दोघांना हवे असते ते एकच असेल असे नाही.

पदव्युत्तर वर्गाला चरित्र-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मी काही वर्षे शिकवीत आले आहे. त्या निमित्ताने अमेरिकन कुमार-चरित्रे बरीच वाचली. ती वाचण्याचे कारण अमेरिकेचे कौतुक हे नव्हे. या प्रकाराचे दोष आणि त्या दोषांविरुद्ध झालेले बंड ही दोन्ही त्या परंपरेत फार ठळकपणे पाहावयास मिळतात, हे त्याचे कारण. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालविल्याची आणि ती प्रांजळपणे कबूल केल्याची गोष्ट आपल्याकडच्या शाळांतूनही सांगितली जाते. ती मेसन वीम्स या धर्मोपदेशकाने आपल्या वॉशिंग्टन-चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत प्रथम घातली, आणि तिला विश्वासार्ह आधार नाही. सत्यवचनाचा पाठ देणारी कथा स्वतःच रचलेली असावी, हा विरोधाभास या प्रकाराच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे.

विसाव्या शतकात या प्रवृत्तीला संस्थात्मक रूप आले. १९३२ पासून बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'चाइल्डहूड ऑफ फेमस अमेरिकन्स' ही माला काढली. ऑगस्टा स्टीव्हन्सन यांच्या लिंकनवरील पुस्तकाने तिचा आरंभ झाला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी ती वाचली. मालेच्या नावातच तिची रचना सांगितलेली आहे. पुस्तकाचा बहुतेक भाग बालपणाला दिलेला; ज्या कर्तृत्वामुळे ही व्यक्ती चरित्राचा विषय झाली ते कर्तृत्व अखेरच्या प्रकरणात आटोपलेले. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण जणू निवेदनतंत्र म्हणून वापरलेली. अशा संहितेत बालपणीची प्रत्येक घटना पुढच्या मोठेपणाची खूण ठरते आणि योगायोगाला, अपयशाला, निरर्थक गेलेल्या वर्षांना जागा राहत नाही. बालपणीचे संवाद तर सगळेच रचलेले, कारण ते टिपून ठेवणारे कोणी तेथे नव्हते.

रचलेल्या संवादांचा मुद्दा वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. 'स्वामी' वाचणाऱ्या प्रौढ वाचकाला आपण कादंबरी वाचतो आहोत हे ठाऊक असते. माधवरावांच्या तोंडचे वाक्य रणजित देसाई यांचे आहे हा करार त्याने स्वीकारलेला असतो. कुमार-वाचकाला असा करार कोणी दाखवलेलाच नसतो. त्याच्या हाती 'खऱ्या माणसाची खरी गोष्ट' म्हणून पुस्तक येते. या भूमिकेतून पाहिले असता रसेल फ्रीडमन यांच्या 'लिंकन : अ फोटोबायोग्राफी' (१९८७) या पुस्तकाचे महत्त्व लक्षात येते. फ्रीडमन यांनी संवाद रचण्याचे नाकारले. जे पत्रांत, भाषणांत, समकालीनांच्या नोंदींत आहे तेवढेच अवतरणचिन्हांत घालावयाचे, हे बंधन त्यांनी घालून घेतले आणि छायाचित्रांना सजावट न मानता पुरावा मानले. या पुस्तकाला १९८८ चे न्यूबेरी पदक मिळाले. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट (१९९०), राइट बंधू (१९९१), एलिनॉर रूझवेल्ट (१९९३), मरियन अँडरसन (२००४) ही आधुनिक अमेरिकनांची चरित्रे त्यांनी याच शिस्तीने लिहिली. ही पुस्तके वाचताना जाणवते ते असे, की रचलेले संवाद काढून टाकल्याने निवेदन रुक्ष होत नाही. उलट लेखकाला वाक्यावर अधिक मेहनत घ्यावी लागते.

परंतु संवाद खरे असले म्हणजे चरित्र खरे होते असे नाही. चरित्र कोठे थांबते, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. हेलन केलर यांचे उदाहरण घ्यावे. ५ एप्रिल १८८७ या दिवशी अलाबामातील टस्कंबिया येथे घरच्या पाण्याच्या पंपाशी ॲन सलिव्हन यांनी सहा वर्षांच्या मुलीच्या एका हातावर पाण्याची धार धरली, दुसऱ्या हातावर अक्षरे लिहिली, आणि शब्द म्हणजे काय ते त्या मुलीला कळले. मुलांसाठीची असंख्य केलर-चरित्रे या क्षणाकडे धावत जातात आणि तो आला की त्यांचा श्वास संपतो. फार तर पदवी मिळाल्याचा उल्लेख येतो. केलर मात्र त्यानंतर एक्याऐंशी वर्षे जगल्या. १९०९ साली त्या समाजवादी पक्षाच्या सभासद झाल्या, मजुरांच्या लढ्यांच्या बाजूने त्यांनी लिहिले, १९२० साली स्थापन झालेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि १९५५ च्या आशियाच्या दौऱ्यात त्या भारतातही येऊन गेल्या. अंधत्वाच्या मागे कित्येकदा गरिबी आणि कारखान्यांतील अपघात असतात, हे त्यांच्या लेखनातील आग्रहाचे प्रतिपादन होते.

जेम्स लोवेन यांनी 'लाइज माय टीचर टोल्ड मी' (१९९५) या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात केलर यांच्या या पुसून टाकलेल्या उत्तरायुष्याकडे लक्ष वेधले आहे. त्यांची तक्रार योग्यच आहे. तरीही ती मला अर्धी वाटते. लोवेन यांचा भर माहिती गाळली जाण्यावर, म्हणजे वगळण्यामागील विचारप्रणालीवर आहे. माझ्या मते येथे आकृतिबंधाचाही हात आहे. पंपापाशी जे घडले ते आख्यान म्हणून परिपूर्ण आहे : अडथळा, गुरू, साक्षात्कार. (विल्यम गिब्सन यांच्या १९५९ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'द मिरॅकल वर्कर' या नाटकाने ते आणखी घट्ट केले.) त्यानंतरचे आयुष्य मतभेदांनी, सभांनी, निधी गोळा करण्याच्या दौऱ्यांनी भरलेले, म्हणजे कोणत्याही प्रौढ माणसाच्या आयुष्यासारखे विस्कळीत आहे. कुमार-चरित्राला प्रौढत्वाचेच वावडे असते, ही यातली गंमत. ज्याला लवकरच प्रौढ व्हावयाचे आहे त्या वाचकाला आपण चरित्रनायक लहान असल्याचेच तेवढे दाखवतो.

रोझा पार्क्स यांच्याबाबत उलटे झाले. तेथे बालपण नव्हे, एक संध्याकाळ उरली. दिवसभराच्या शिवणकामाने दमलेली बाई १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये उठली नाही आणि इतिहास घडला, ही कथा हर्बर्ट कोल यांनी 'शुड वुई बर्न बाबार?' (१९९५) या पुस्तकात बारकाईने उकलून दाखविली आहे. पार्क्स १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. १९५५ च्याच उन्हाळ्यात त्या हायलँडर या प्रशिक्षणकेंद्रात जाऊन आल्या होत्या. ३८१ दिवसांचा बहिष्कार पायांच्या दमण्यातून उभा राहत नाही. जिम हॅस्किन्स यांच्या साहाय्याने लिहिलेल्या, तरुण वाचकांसाठीच्या 'माय स्टोरी' (१९९२) मध्ये स्वतः पार्क्स यांनी हा दमण्याचा खुलासा नाकारला आहे. तरी शालेय पुस्तकांतून ती दमलेली बाई लवकर हलली नाही.

फिलिप हूज यांचे 'क्लॉडेट कॉल्विन : ट्वाइस टुवर्ड जस्टिस' (२००९) मला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहरात पंधरा वर्षांच्या कॉल्विनने बसमधील जागा सोडण्यास नकार दिला आणि तिला अटक झाली. चळवळीच्या नेत्यांनी तिला प्रतीक म्हणून निवडले नाही. तिचे वय, तिचा वर्ग, आणि नंतर तिचे गरोदर असणे ही कारणे हूज कुमार-वाचकापासून लपवत नाहीत. बसमधील वर्णभेद ज्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्याने १९५६ साली बेकायदा ठरला, त्यातील फिर्यादींमध्ये मात्र ही मुलगी होती. पुस्तकाची रचनाही पाहण्यासारखी आहे : लेखकाचे निवेदन आणि कॉल्विन यांचे प्रथमपुरुषी कथन आलटून पालटून येते. चरित्र आणि आत्मकथन यांच्या सरमिसळीतून वाचकाला कळते, की प्रतीके निवडली जातात, निवडणारी माणसे असतात, आणि न निवडलेलीही असतात. २०२१ साली न्यायालयाने कॉल्विन यांची बालगुन्हेगार म्हणून असलेली नोंद पुसून टाकली, तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

कँडेस फ्लेमिंग यांच्या 'द राइज अँड फॉल ऑफ चार्ल्स लिंडबर्ग' (२०२०) विषयी येथे एवढेच सांगते, की ज्याचे अनुकरण करू नये अशा माणसाचे चरित्र कुमारांना द्यावे काय, या प्रश्नाला त्यांनी होकारार्थी उत्तर दिले आहे. १९२७ चे उड्डाण आहे. १९३८ साली ग्योरिंगच्या हातून घेतलेला सन्मान, वंशशुद्धीच्या कल्पना, ११ सप्टेंबर १९४१ चे डी मॉइन येथील ज्यूविरोधी भाषण हेही तितक्याच विस्ताराने आहे.

आता कार्व्हर. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

वर्गात मी दरवर्षी विचारते, की शाळेत असताना वाचलेले एक चरित्र सांगा. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे उत्तर इतक्या जणांकडून येते, की पुढे प्रश्न विचारावा लागत नाही. कोणाला ते स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालेले असते, कोणाला वडील भावाने दिलेले. मीही ते आठवीत वाचले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. तेव्हापासून मराठी मनाला या विषयाशी काही नाते आहेच. पण गवाणकरांच्या पुस्तकाने जे साधले ते वेगळे. आमच्यासारख्या कोरडवाहू, कापसाच्या भागात राहणाऱ्या वाचकाला कापसाने जमीन खंगते आणि भुईमूग, चवळी यांसारखी द्विदल पिके तिला नत्र परत देतात, ही गोष्ट परक्या देशाची वाटत नाही. मिसुरीत गुलाम म्हणून जन्मलेले, आयोवात शिकलेले आणि १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगीला गेलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर त्यामुळे मराठी घरातले झाले. शीर्षकातील 'एक होता' ही लोककथेची सुरुवात त्यांना पुरती शोभली.

योगायोग असा, की त्याच १९८१ साली लिंडा मॅकमरी यांचे 'जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : सायंटिस्ट अँड सिम्बॉल' हे अभ्यासपूर्ण चरित्र प्रसिद्ध झाले. मॅकमरी यांच्या कार्व्हरला जन्मवर्षही निश्चित नाही. लोकप्रिय दंतकथेत त्यांच्या नावे भुईमुगापासूनचे तीनशे पदार्थ सांगितले जातात. पेटंटे मात्र तीनच. पीनट बटर त्यांनी शोधले हे तर खरेच नाही. तशा पदार्थाचे पेटंट मार्सेलस एडसन यांना १८८४ सालीच मिळाले होते. १९२१ च्या जानेवारीत काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगावरील आयातकराच्या बाजूने कार्व्हर बोलले आणि दहा मिनिटांची मुदत पुन्हा पुन्हा वाढविली गेली. भुईमुगाचा जादूगार हे रूप त्यानंतर देशभर पसरले. कुक्कुटपालनाच्या कारभारावरून वॉशिंग्टन यांच्याशी झालेले खटके, राजीनाम्याच्या धमक्या हेही मॅकमरी नोंदवितात. आणि हे सर्व सांगून झाल्यावर त्या ज्या कामाला महत्त्व देतात ते दंतकथेत दुय्यम ठरलेले आहे : टस्कीगीतील आरंभीच्या दोन दशकांत, विकतचे खत घेण्याची ऐपत नसलेल्या कृष्णवर्णीय कुळांना पानगळीचे, दलदलीच्या गाळाचे खत कसे करावे, काय पेरावे, काय शिजवावे हे सांगणाऱ्या पत्रिका, आणि १९०६ पासून गावोगाव फिरणारी शेतीशिक्षणाची गाडी.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा घरातील पहिला पदवीधर असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, की मग ते पुस्तक खोटे का? त्याचा प्रश्न मॅकमरीविषयी नव्हता. त्या पुस्तकाच्या जोरावर तो येथवर आला होता आणि धाकट्या भावाला ते द्यावयाचे की नाही हे त्याला ठरवायचे होते. त्याला उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने दुसरा प्रश्न मांडला, आणि तो मला अधिक टोकदार वाटला. तिचे म्हणणे असे : कोणाविरुद्ध कधी तक्रार न करणारा काळा माणूसच आम्हाला बक्षीस म्हणून का मिळतो? बक्षीस देणाऱ्यांना तो का आवडतो?

तिचा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आहे. कार्व्हर यांच्या नम्रतेचे प्रतीक अनेकांनी आपापल्या सोयीने वापरले, हे मॅकमरी यांचे मुख्य प्रतिपादनच आहे. पण या इतिहासाची दुसरीही बाजू आहे, आणि ती मी त्या विद्यार्थिनीला सांगितली. कार्व्हर यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९४४ साली, तरुण वाचकांसाठी त्यांचे जे चरित्र ज्युलियन मेस्नर यांच्याकडून आले, त्याच्या दोन लेखकांपैकी एक शर्ली ग्रॅहम होत्या : डाव्या विचारांच्या कार्यकर्त्या, पुढे १९५१ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या पत्नी. १९४६ साली त्यांनी पॉल रोबसन यांचे चरित्र लिहिले. १९५० साली त्याच रोबसन यांचे पारपत्र सरकारने रद्द केले. ज्यूलिया मिकेनबर्ग यांनी 'लर्निंग फ्रॉम द लेफ्ट' (२००६) मध्ये दाखविले आहे, की मॅकार्थीच्या काळात ज्यांना अन्यत्र लिहिता येईना अशा अनेकांना मुलांच्या पुस्तकांत जागा मिळाली, कारण त्या पुस्तकांकडे कोणी गंभीरपणे पाहत नव्हते. समीक्षेच्या दुर्लक्षाचा असाही उपयोग होतो! म्हणजे कुमार-चरित्र हे केवळ आज्ञाधारकतेचे साधन होते असे म्हणता येत नाही. तेच पुस्तक बक्षीस देणाऱ्याला एक सांगत असेल आणि घेणाऱ्याला दुसरेच.

मॅरिलिन नेल्सन यांचे 'कार्व्हर : अ लाइफ इन पोएम्स' (२००१) हे मला आढळलेले या विषयावरील सर्वांत समाधानकारक कुमार-चरित्र. ते कवितांचे आहे, आणि पुष्कळशा कवितांचा निवेदक वेगळा आहे. कार्व्हरना पाहणारी निरनिराळी माणसे बोलतात. दोन कवितांमधील मोकळी जागा ही साधनांमधील पोकळी म्हणून राहू दिलेली आहे. गद्य चरित्राला ती सांधावी लागते. सांधताना चेरीचे झाड उगवते.

त्या पहिल्या विद्यार्थ्याने आपल्या लघुप्रबंधासाठी चौदा वर्षांच्या वाचकाकरिता कार्व्हर यांचे चाळीस पानांचे चरित्र लिहावयास घेतले आहे. धाकट्या भावाला गवाणकरांचे पुस्तक त्याने देऊन टाकले. हे दुसरे त्यानंतर देणार म्हणतो. भुईमूग त्याने दीड पानात बसविला. तो अडला १८७९ पाशी. त्या वर्षी मार्चमध्ये कॅन्ससमधील फोर्ट स्कॉट येथे एका कृष्णवर्णीय माणसाला तुरुंगातून ओढून काढून ठार करण्यात आले. कार्व्हर तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. त्यांनी ते पाहिले, गाव सोडले, आणि ते दृश्य त्यांना जन्मभर विसरता आले नाही. वाचकाच्या वयाचाच हा मुलगा. त्याने हे सांगावे की नाही याविषयी आमच्या दोघांत मतभेद नव्हता, वाक्याविषयी होता. पहिल्या खर्ड्यात त्याने 'ठार मारण्यात आले' असे लिहिले होते. या कर्मणी रचनेत कर्ता नाहीच, हे मी दाखविले. दुसऱ्या खर्ड्यात 'जमावाने ठार मारले' असे झाले. जमाव हा शब्द व्याकरणाने कर्ता असला तरी त्याला चेहरा नाही, असे त्याचे त्यालाच वाटले असावे. गेल्या आठवड्यात त्याने आणलेल्या पानावर 'गावातल्या माणसांनी मारले' असे आहे, आणि त्यानंतरच्या वाक्यात मुलगा ओलेथच्या वाटेला लागलेला आहे.